मला रजा नको, स्टूल हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुकानांतल्या कामाचा दिवस नऊ तासांवरून दहा तासांपर्यंत नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. तेव्हा तासांवर बरंच छापून आलं. ते तास उभ्याने काढायचे असतात, हे मात्र माझ्या तरी वाचनात आलं नाही. म्हणून हे पत्र.

मी साड्यांच्या दुकानात चौदा वर्षं काउंटरला आहे. गेल्या लग्नसराईत डाव्या पोटरीवरच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या. घरी जाऊन चप्पल काढली की पट्ट्याचा वळ पायावर तसाच, आणि रात्री पायात गोळे. डॉक्टर म्हणाले, व्हेरिकोज व्हेन्स. पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात, एका जागी ताटकळलं की ते काम मंदावतं. त्यांनी घट्ट मोजे दिले आणि चिठ्ठीवर लिहिलं, सलग उभे राहू नये, तासाला दहा मिनिटे बसावे.

मालकांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून गल्ल्याशेजारी ठेवली. ‘ताई, बरं वाटेपर्यंत घरी राहा की.’ मालक वाईट नाहीत. मुलीच्या अ‍ॅडमिशनला त्यांनीच उचल दिली होती. पण गिऱ्हाईक आत आलं आणि बाई बसलेली दिसली तर दुकान आळशी वाटतं, असं त्यांचं ठाम मत. दुपारी तीनला दुकानात चिटपाखरू नसतं, तरी उभंच राहायचं. एकदा साड्यांच्या खोक्यावर टेकले, तर कॅमेऱ्यात बघून त्यांनी आतून फोन केला.

ईएसआयमधून, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेतून, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, हे ठाऊक आहे. पण हे दुखणं ९१ दिवसांत जाणारं नाही, आणि मी काम करू शकते. घड्या घालणं, फॉल-पिकोच्या पावत्या लिहिणं, पदर उलगडून दाखवणं, यातलं काय बसून होत नाही? माझ्या आईच्या वेळी साडीचं दुकान म्हणजे पांढऱ्या चादरीची गादी. दाखवणारा मांडी घालून बसायचा, घेणाराही. तेव्हा कुणाला ते आळशी वाटलं नाही. काउंटर आले आणि आमची मांडी गेली. मालकांची गादी तेवढी राहिली.

कारखान्यांसाठी १९४८च्या कायद्यात ४४वं कलम होतं, उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय हवी असं सांगणारं. दुकानांसाठी केरळने २०१८ मध्ये कायदा बदलला, तो कोझिकोडच्या साडी-कपड्यांच्या दुकानांतल्या बायकांनी संघटना करून भांडल्यामुळे. तामिळनाडूने २०२१ मध्ये तेच केलं. केंद्राच्या २०२०च्या कामगार सुरक्षा संहितेतही उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची व्यवस्था नमूद आहे. कागदावर इतकं सगळं असताना आमच्या काउंटरमागे एक स्टूल का येत नाही? दुकान-निरीक्षक येतात तेव्हा रजिस्टर बघतात. एकदा काउंटरच्या मागे वाकून बघावं, आणि डॉक्टरांची चिठ्ठी असलेल्या कर्मचाऱ्याला घरी बसवण्याआधी मालकाने काम बदलून पाहिलं का, हेही विचारावं. एवढीच मागणी आहे.

तसं आमच्याकडे एक स्टूल आहे. वरच्या कप्प्यातल्या पैठण्या काढायला. त्यावर चढायची परवानगी आहे, बसायची नाही. हल्ली कुणी वरचा माल मागितला की मीच पुढे होते. उतरताना अर्धा मिनिट टेकता येतं, आणि कॅमेऱ्यात ते उतरल्यासारखंच दिसतं.

– एक वाचक, पुणे
(नाव छापू नये, ही विनंती.)