स्कीचे तिकीट खिडकीवर काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत स्कीइंगसाठी एका दिवसाच्या लिफ्ट तिकिटाला (डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यांच्या तिकिटाला) ३०० डॉलर पडतात, असे आपल्या पर्यटन पानावरील लेखात वाचले. आकडा खोटा नाही. कोलोरॅडोतील व्हेल या स्की रिसॉर्टला गर्दीच्या दिवसांत खिडकीवर त्याहूनही जास्त मोजावे लागतात. पण लेख तिथेच थांबला आणि खरी गोष्ट सांगायची राहिली. साताऱ्या-कराडची अनेक कुटुंबे नाताळात मुलांकडे परदेशी जातात. त्यांनी हा दर वाचून बेत सोडू नये आणि खिडकीवर जाऊन तो भरूही नये.

खिडकीचा दर मुद्दाम चढा ठेवलेला असतो. लिफ्ट, कृत्रिम बर्फ, रात्रभर उतार सारखे करणारी यंत्रे, बचाव पथक हा खर्च शंभर माणसे आली काय किंवा पाच हजार आली काय, जवळपास तेवढाच होतो. बर्फ कमी पडला की माणसे येत नाहीत आणि खर्च अंगावर पडतो. म्हणून रिसॉर्टला पैसे बर्फ पडण्याआधी हवे असतात. २००८ मध्ये व्हेल कंपनीने ५७९ डॉलरचा ‘एपिक’ हा पूर्ण हंगाम चालणारा पास काढला तो यासाठीच. २०१८ मध्ये दुसऱ्या कंपनीचा तसाच ‘आयकॉन’ पास आला. बर्फाची जोखीम कंपनीकडून ग्राहकाकडे गेली आणि त्या बदल्यात त्याला सवलत मिळाली. खिडकीचा दर जितका वर, तितका पास स्वस्त वाटतो. व्हेल कंपनीचे लिफ्टचे एकूण उत्पन्न एकूण स्कीदिवसांनी (एका माणसाचा एक दिवस म्हणजे एक स्कीदिवस) भागले, तर अलीकडच्या वर्षांत सरासरी १०० डॉलरच्या आतच येते. त्यात तिच्या लहान टेकड्याही धरलेल्या आहेत, तरी फरक लक्षात यावा.

दोन-तीन दिवसच जाणाऱ्यांनी हंगामी पासच्या मागे लागू नये. त्यांच्यासाठी एक ते सात दिवसांचे आगाऊ पास असतात. त्यांचे दर उन्हाळ्यापासून टप्प्याटप्प्याने चढतात आणि विक्री साधारण डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होते. विमानाची तिकिटे निघाली की हे पासही काढून टाकावेत. मात्र ‘सुट्टीचे दिवस वगळून’ असलेला स्वस्त प्रकार नाताळ ते नववर्ष चालत नाही. जानेवारी आणि फेब्रुवारीतील तिसऱ्या सोमवारला जोडून येणाऱ्या सुट्ट्यांतही नाही. आपली माणसे नेमकी याच दिवसांत जातात आणि गेटवर अडकतात. आगाऊ पासची मुदत हुकलीच, तर तारखेचे तिकीट निदान काही दिवस आधी ऑनलाइन घ्यावे. मंगळवार-बुधवार शनिवारपेक्षा स्वस्त पडतात. दुपारचे अर्ध्या दिवसाचे तिकीट मात्र बहुधा निम्म्या किमतीत मिळत नाही, थोडेच कमी होते.

पहिल्यांदा स्की बांधणाऱ्याने पूर्ण डोंगराचे तिकीट घेणे म्हणजे पैसे पाण्यात. त्याचा दिवस पायथ्याच्या सरकत्या पट्ट्यावर आणि एखाद्या छोट्या लिफ्टवरच जातो. शिकवणी, साहित्य आणि खालच्या लिफ्टचे तिकीट एकत्र देणारे पॅकेज विचारावे. पाच वर्षांखालील मुलांना अनेक ठिकाणी पैसे पडत नाहीत, तरी त्यांचे तिकीट काढून घ्यावे लागते.

तिकीट नावावर असते. दुसऱ्याचे वापरले तर जप्त होते. वाऱ्यामुळे वरच्या लिफ्ट बंद राहिल्या तरी पैसे सहसा परत मिळत नाहीत, म्हणून परताव्याच्या अटी घेण्याआधी वाचाव्यात. तिकिटाचे कार्ड गेटवर खिशातूनच वाचले जाते, म्हणून ते जाकिटाच्या डाव्या खिशात एकटेच ठेवावे. शेजारी मोबाइल असला की गेट उघडत नाही आणि मागे रांग खोळंबते.

गुलमर्गचे गणित वेगळे आहे. तिथला गोंडोला (रोपवे) सरकारी महामंडळाचा, भाडे ठरलेले आणि टप्प्यांप्रमाणे. कोंगडोरी या मधल्या स्थानकाहून अफारवट डोंगरावर नेणारा दुसरा टप्पा वारा आणि हिमस्खलनाच्या धोक्यामुळे अनेकदा बंद राहतो, म्हणून त्या भरवशावर एकच दिवस हातात ठेवून जाऊ नये.

हे सारे साताऱ्यात बसून लिहिण्याचे आणखी एक कारण म्हणजे कास पठार. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते आणि मधल्या वारी पठार मोकळे असते. गर्दी पांगवायला दर बदलावेत, अशी सूचना अधूनमधून होते. ती स्कीवाल्यांकडून घ्यायची, तर चढा खिडकीदर घेऊ नये. कोल्हापूर-सांगलीहून एसटीने येणाऱ्या कुटुंबाला तो झेपणार नाही. घ्यायचे ते आगाऊ सवलतीचे वेळापत्रक. आजचा दर हीच कमाल मर्यादा ठेवावी, सोमवार ते गुरुवारची आगाऊ तिकिटे त्याखाली द्यावीत आणि दरांची दिनदर्शिका ऑगस्टच्या सुरुवातीलाच जाहीर करावी. धुक्याने पठार दिसलेच नाही, तर त्याच हंगामातील दुसऱ्या मधल्या वारी तेच तिकीट चालू द्यावे. सवलतीने तिकिटामागे जे कमी येईल, ते मधल्या वारच्या वाढीव विक्रीतून भरून निघते का, हे एका हंगामाच्या नोंदींवरून पठाराचे व्यवस्थापन पाहणाऱ्या कास, एकीव, आटाळी, कासाणीच्या समित्यांना तपासता येईल.

आपला,
एक सहल संयोजक
सदर बझार, सातारा