गाईच्या काळजातलं हाड

लोकमान्यनगर, इंदूर
रविवार, रात्री

प्रिय मुकुंदा,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. महूला पशुवैद्यक कॉलेजात प्रॅक्टिकल्स चालू आहेत. सकाळची बस धरायची, परत येईतो दिवेलागण. पण आज तुला लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

परवा माझ्या तळहातावर गाईच्या काळजातलं हाड होतं. हो, हृदयातच! महाधमनी निघते तिथे झडपांना धरून ठेवणारं तंतूंचं कडं असतं. माणसात ते तसंच राहतं, घोड्यात आणि डुकरात त्यात कूर्चा तयार होते, आणि गाईत चक्क हाड. दोन असतात, उजवं मोठं. म्हशीत, मेंढीत, उंटातही सापडतं. धुऊन वाळवलेलं ते हाड माझ्या अंगठ्याएवढं, चपटं, जरा वाकलेलं, एका कडेला खरखरीत. हातात आहे की नाही कळू नये इतकं हलकं. शेजारी ट्रेमध्ये अख्खं हृदय ठेवलं होतं, दोन किलोच्या वर भरलं. तुझं-माझं 300 ग्रॅमच्या आसपास. एवढा मोठा स्नायू मिनिटाला साठ-सत्तर वेळा आवळायचा, तर त्याला आधाराला ही खुंटी असावी.

पुढच्या पायाची हाडंही पाहिली, म्हणजे आपल्या तळहाताच्या जागची. आपल्या तळहातात पाच सुटी हाडं, घोड्याचा भार एकाच हाडावर, गाईची दोन जुळून एक झालेली. पुढून बोट फिरवलं की जोडाची खाच लागते. बरगड्या तिच्या 13 जोड्या, आपल्या 12, घोड्याच्या 18.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या कपिला गाईसाठी.

आठवतं, त्या दिवाळीत देवासच्या वाड्यात ती गोठ्याच्या उंबऱ्यावर पुढचे पाय ठेवून तासन्‌तास उभी राहायची? कोपरं बाहेर काढलेली, बसायचं नाव नाही. गळ्याची पोळी सुजलेली, मानेची शीर दोरीसारखी तट्ट. डॉक्टरांनी अजीर्णाचं औषध दिलं, आजी म्हणाली दृष्ट लागली. मुकुंदा, तिला तार लागली होती रे. गाय चारा निवडून खात नाही, आधी गिळते, रवंथ मागाहून. खिळा-तार पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसते. त्या कप्प्याच्या आणि हृदयाच्या मध्ये श्वासपटलाचा पातळ पडदा, अंतर काही बोटांचं. पोट आकसलं की तार पुढे सरकते आणि हृदयाच्या पिशवीत घुसते. पुढचा भाग उंच ठेवला की दुखणं कमी होतं, म्हणून तो उंबरा. परवा तशाच एका गाईच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, तर पखालीत पाणी हिंदकळावं तसा आवाज. मला कपिला आठवली आणि डोळे भरून आले.

आणि हीच पिशवी, नीट कमावली की, तिच्यापासून माणसाच्या हृदयाच्या झडपा करतात. कितीतरी लोकांच्या छातीत गाईचं हे देणं धडधडतंय.

दादाकडे आता चार गाई आहेत ना? त्याला आजच फोन कर. कुट्टीच्या यंत्राजवळ पेंढ्यांच्या तारा पडू देऊ नको म्हणावं. गाईला गिळायला द्यायचा लोहचुंबक मिळतो. तो पोटात राहून खिळे धरून ठेवतो. पुढच्या रविवारी मी चार घेऊन देवासला जातोय. आईला सांग, जेवायलाच येईन.

तुझा,
विनू