कपाटामागची भिंत

पुणे,
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

चि. सानिका हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर मी तुला "तुझ्या खोलीचं काम काढलंय" एवढंच सांगितलं. पुढचं बोलायला गेले असते तर तू "असू दे गं" म्हणाली असतीस आणि मीही लगेच नागपूरच्या उन्हाची चौकशी करून सुटले असते. म्हणून लिहिते आहे. काल गणपती गेले, घर रिकामं वाटतंय, आणि बाबा दुपारचे घोरताहेत.

गणपती-गौरी यायच्या आधी जळमटं काढताना तुझं कपाट हलवायचं ठरलं. ते आणलं तेव्हा तू आठवीत होतीस. त्यानंतर त्याच्यामागे कुणी पाहिलंच नव्हतं. दोघा सुतारांनी ते ओढलं आणि त्यातला एक खोकत खोकत गॅलरीत पळाला. भिंतीवर बरोब्बर कपाटाच्या मापाचा काळा चौकोन होता. बुरशी. खालच्या कोपऱ्यात तर मखमलीसारखी जाड, हिरवट-काळी. कपाटाची प्लायची पाठ बोटानं दाबली तर चहात बुडवलेल्या टोस्टासारखी आत गेली.

सानू, २९ वर्षं मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. दर वर्षी प्रॅक्टिकलला पावाचा तुकडा ओला करून पिशवीत बांधून ठेवायचे आणि आठवड्यानं मुलांना विचारायचे, हिला वाढायला काय काय लागलं? ओल, खाणं आणि वारा न लागणारी जागा. मुलं घडाघडा सांगायची. प्लायवूड, वॉलपुट्टी, भिंतीवरची धूळ, पुस्तकांचे पुठ्ठे, हे सगळं बुरशीच्या लेखी पावच. तो पाव तुझ्या उशापासून दीड फुटावर होता आणि मास्तरीणबाई हॉलमध्ये बसून दुसऱ्यांच्या मुलांच्या जर्नल्स तपासत होत्या.

कपाटाच्या बाजूला जी उघडी भिंत होती तिचे पोपडे बाबा दर दिवाळीला खरवडायचे आणि डिस्टेंपरचा हात मारायचे. "कुबट वास येतो" असं तू सांगायचीस. आम्ही डांबराच्या गोळ्या टाकल्या, कापूर जाळला. वास दबला की काम झालं, असं आमचं शास्त्र.

परीक्षेच्या दुसऱ्या अटेम्प्टच्या वेळची ऑगस्टमधली ती संध्याकाळ तुला आठवत असेल. दूध गॅसवर ठेवून तू आत गेलीस आणि पातेलं जळून कोळसा झालं. आठवड्यात तिसऱ्यांदा. मी म्हणाले होते, "डोक्याला बुरशी लागलीय का तुझ्या?" तू काही बोलली नाहीस. ताट घेऊन त्याच खोलीत गेलीस आणि दार लावून घेतलंस.

पुढे जानेवारीत नागपूरची नोकरी मिळाली. दोन महिन्यांत तू फोनवर हसायला लागलीस, मैत्रिणींची नावं घ्यायला लागलीस. मला वाटलं, आमच्यापासून सुटली म्हणून हसतेय. ते मला लागलं होतं. तुला कधी कळू दिलं नाही.

यंदा जूनपासून मी तुझ्या खोलीत झोपायला लागले. कारण तुला माहीत आहे, ते आत्ताही पलीकडून ऐकू येतंय. जुलैच्या मध्यापर्यंत माझं शब्दकोडं अर्ध्यावर राहायला लागलं. डोकं सकाळी उठतानाच जड. कामाच्या मावशी १० मिनिटं उशिरा आल्या तर मी अशी अंगावर गेले की त्या दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. भाजी घ्यायला गेलं की दुपारपर्यंत जरा बरं वाटायचं. वय झालं म्हणून थायरॉईड तपासलं, बी-१२ तपासलं, दोन्ही ठीक. मग आठ दिवस सोलापूरला मावशीकडे गेले तर कोडी रोज पुरी होत होती. परत आले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कालनिर्णयच्या पानावर मी बारीक अक्षरात लिहून ठेवलंय: "आज परत चिडले. कशावर ते आठवत नाही."

ते पान मी कपाट हलवल्यावर पुन्हा वाचलं. आणि मग तुझी ती चार वर्षं आठवत बसले.

नंतर वाचायला बसले. निवृत्त शिक्षिकेला दुसरं काय येतं? पहिल्यांदा हाताला लागला तो अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २००४ साली ओलसर घरांवर काढलेला अहवाल. नाक-घशाचा त्रास, खोकला, छातीतली घरघर, दमेकऱ्यांचा दमा उसळणं, यांचा ओलीशी संबंध आहे असं त्यात स्वच्छ म्हटलंय. थकवा, मन, विचारशक्ती यांच्याबद्दल मात्र पुरावा पुरेसा नाही, असंही तितकंच स्वच्छ म्हटलंय. जागतिक आरोग्य संघटनेची २००९ ची पुस्तिकाही मुख्यतः श्वसनावरच बोलते. म्हणजे मी तुला "भिंतीनंच सगळं केलं" असं छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या एडमंड शेनासा यांनी २००७ मध्ये युरोपातल्या आठ शहरांतल्या सुमारे ६००० माणसांची माहिती तपासली. ओलसर, बुरशी लागलेल्या घरांत राहणाऱ्यांमध्ये उदासी जास्त आढळली. ती दोन वाटांनी येत असावी असं त्यांना दिसलं. एक, बुरशीनं होणारी दुखणी. आणि दुसरी वाट वाचून मी चष्मा काढून ठेवला: आपल्या घरावर आपलं काही चालत नाही, ही भावना.

वरच्यांची नहाणी गळते हे आपल्याला केव्हाचं माहीत होतं. तीन वर्षं सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघायचा. ते म्हणायचे पाणी पावसाचं आहे, कमिटी म्हणायची दोघांत मिटवा, बाबा म्हणायचे जाऊ दे, शेजारी आहेत. तू एकदा स्वतः वर जाऊन बोलून आलीस तर मी तुलाच रागावले, मोठ्या माणसांशी असं बोलतात का म्हणून. झोपायची तू, आणि त्या भिंतीबद्दल बोलायचा अधिकार तुला सोडून सगळ्यांना.

दुसरी गोष्ट आणखी मजेशीर आहे. जोन बेनेट नावाच्या बाई, हयातभर बुरशीचा अभ्यास केलेल्या. बुरशी लागलेल्या घरात माणसं आजारी पडतात यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. २००५ मध्ये कॅटरिना वादळात त्यांचं न्यू ऑर्लिन्समधलं घर बुडालं. मास्क, हातमोजे घालून त्या घरातले नमुने घ्यायला गेल्या, तरी डोकं दुखायला लागलं, गरगरायला लागलं. बुरशीचे कण तर मास्कबाहेर होते. मग आत काय गेलं? वास. बुरशी वाढताना उडून जाणारी रसायनं हवेत सोडते, आपण ज्याला कुबट म्हणतो ते तेच. त्यातल्या एकाला, ज्यामुळे अळंब्यांना त्यांचा वास येतो, त्यांच्या गटानं फळमाश्यांवर तपासलं. माश्यांच्या मेंदूत डोपामाइन हे निरोप पोचवणारं रसायन बनवणाऱ्या पेशींना इजा झाली. २०१३ साली ते छापून आलं, आणि त्या निबंधावर पहिलं नाव कुणाचं? आरती इनामदार. माझे पुणेरी कान लगेच टवकारले.

पुढे २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या शेरिल हार्डिंग यांच्या गटानं उंदरांच्या नाकात स्टॅकिबोट्रिस या काळ्या बुरशीचे बीजाणू सोडले. त्यांच्या मेंदूत, स्मृतीचं काम जिथे चालतं त्या भागात, जणू जंतूंशी लढाई चालू असावी तशी दाहाची लक्षणं दिसली. उंदीर बुजरे झाले, विसरायला लागले. विष काढून टाकलेल्या बीजाणूंनीसुद्धा काही प्रमाणात तेच झालं. आपल्या भिंतीवरची बुरशी स्टॅकिबोट्रिसच होती की दुसरी, ते मी तपासलं नाही. काळ्या रंगावरून जात ओळखता येत नाही, आणि कोणतीही असली तरी काढायचीच होती.

माश्या म्हणजे माणूस नव्हे, उंदीर म्हणजेही माणूस नव्हे. पण एक साधी गोष्ट उंदरांशिवायही कळते. पावसाळाभर तुझं नाक चोंदलेलं असायचं. तू तोंड उघडं टाकून झोपायचीस, रोज रात्री सेट्रिझिन, ती सर्दी-ॲलर्जीची गोळी, घ्यायचीस. झोप तुटक, सकाळी गोळीची गुंगी, आणि मी साडेसहाला दार वाजवून विचारायचे, "अजून लोळतेसच?" तिथं कॉस्टिंगसारखा हिशेबाचा विषय डोक्यात शिरणार कसा?

(तरी तुझ्या निकालाचं खापर मी भिंतीवर फोडणार नाही. कॉस्टिंग तू शेवटच्या तीन आठवड्यांवर ठेवलं होतंस, ते मला माहीत आहे.)

तुझी शनिवार पेठेतली आजी आठवते का, पानशेतची गोष्ट सांगायची ती? १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, वाड्यात पाणी शिरलं, ते ओसरलं. पण मातीच्या भिंती पुढची होळी आली तरी हाताला गार लागायच्या. ती म्हणायची, त्या वर्षी आमच्या घरात सगळेच एकमेकांवर खेकसत होते, भावजया एका चुलीवर स्वयंपाक करेनात. सगळ्यांनी ते पुराच्या दुःखावर घातलं. दुःख तर होतंच, भांडी-कुंडी वाहून गेली होती. त्यातलं किती दुःखाचं आणि किती ओलीचं, हे आता कोण वेगळं करणार? तुझंही तसंच. परीक्षा होती, ते वय होतं, मी होते. पण या सगळ्यांचा मी तेव्हा विचार तरी केला होता. भिंतीचा केलाच नाही.

आता कामाचं सांगते. अखेर बाबांनी सुताराला आणि प्लंबरला घेऊन वरच्यांना खाली बोलावलं आणि कपाटाची पाठ दाखवली. ते गृहस्थ दोन मिनिटं नुसते उभे राहिले. नहाणीतलं पाणी जिथून खाली जातं त्या ट्रॅपभोवतीचं सिमेंट सुटलं होतं. काम किती दिवसांचं निघालं? दीड. खर्च अर्धा अर्धा. तीन वर्षांच्या मीटिंगमध्ये तेवढ्या पैशांचा चहा झाला असेल.

आधी गळती, मग भिंत, हा क्रम मी सोडला नाही. छातीइतक्या उंचीपर्यंतचं प्लास्टर विटेपर्यंत फोडून काढलंय. फोडताना खोलीचं दार प्लास्टिकनं बंद, खिडकी उघडी, माणसांना एन-९५ मास्क. नुसतं औषध मारून वर रंग देतो म्हणणारा एक जण आला होता, त्याला परत पाठवला. मेलेली बुरशीही नाकाला तितकीच टोचते, ती काढूनच टाकावी लागते. लाद्या आणि खिडकीची चौकट साबणाच्या पाण्यानं पुसून कोरडी केली. वीट अजून दमट आहे, दसऱ्यापर्यंत वाळू देणार आहे. रंगाची घाई करायची नाही, असं बाबांना बजावलंय. एक छोटं आर्द्रतामापक यंत्र आणलंय, ते सकाळी ७८ टक्के दाखवत होतं. ६० च्या खाली यायला हवं. बाबा दर तासाला जाऊन बघतात, क्रिकेटचा स्कोअर बघितल्यासारखे.

तुझं कपाट सध्या हॉलमध्ये आहे. गणपतीच्या दहाही दिवसांत ते मखरामागे उभं होतं, वर माझी पैठणी टाकून. आलेल्या प्रत्येकानं आरास छान म्हटलं.

आता तुझ्या खोलीचं. तिथला उन्हाळा कोरडा म्हणून निर्धास्त राहू नकोस. कूलरच्या ताट्या भिजलेल्या ठेवून तो आता कोपऱ्यात बंद पडला असेल, तर आधी त्या काढून टाक. टाकीतलं पाणीही काढ. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ. भिंतीवर पांढरी पावडर दिसली तर ओल्या बोटानं पुसून बघ. विरघळली तर तो लोणा, मिठासारखा. तो बुरशी नव्हे, पण ओल आहे हे तोही सांगतोच. कपडे खोलीत वाळत घालू नकोस. घरमालकाला सांगायला लाजू नकोस. वर जाऊन बोलायची तुझी जुनी सवय आहे, ती वापर.

आणि एक. मन पुन्हा तसं जड व्हायला लागलं आणि दोन आठवड्यांतही उठलं नाही, तर भिंती तपासत बसू नकोस. सरळ डॉक्टरकडे जा, आणि मलाही सांग. शरीरातलं बुरशीचं विष काढून देतो म्हणून महागड्या तपासण्या आणि पुड्या विकणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नकोस.

तुझी,
आई

ता. क. खालच्या कप्प्यातली पुस्तकं उन्हात घातली होती. तीन टाकून द्यावी लागली, कोणती ते विचारू नकोस. कॉस्टिंगचं मात्र शाबूत आहे. निळा स्वेटर दोनदा धुतला तरी वास जात नाही, त्याचं काय करू ते कळव. आणि ते काळं पातेलं मी अजून टाकलेलं नाही.