तपासणी चुकवणाऱ्या आईला आधी कारण विचारा

महोदय,

दरवर्षी १७ नोव्हेंबरच्या, म्हणजे जागतिक अकाली जन्म दिनाच्या सुमारास, किलोच्या आतले बाळ वाचल्याच्या बातम्या छापून येतात. फोटोत आई हसत असते. तीच आई पुढे तपासणीची तारीख चुकवते तेव्हा केसपेपरवर 'आली नाही' एवढाच शेरा पडतो आणि पुढच्या खेपेला तिला सगळ्यांदेखत बोलणी बसतात. मुरबाड-शहापूरहून ठाण्याला यायचे म्हणजे अंतर, भाडे आणि सव्वा महिना घराबाहेर न पडण्याची रीत आडवी येते, हे खरेच. पण ज्या नवजात अतिदक्षता विभागात बाळ काचेच्या पेटीत होते, त्याच्या दारातून कित्येकींना पुन्हा आत पाऊलच टाकवत नाही.

अतिदक्षता विभागातल्या त्या दिवसांचा आईच्या मनावर आघात होऊ शकतो, आणि टाळाटाळ हे अशा मानसिक आघाताचे एक मुख्य लक्षण आहे. बाकीची घरात दिसतात. कुकरच्या शिट्टीत मॉनिटरचा अलार्म ऐकू येतो, स्पिरिटच्या वासाने छाती धडधडते, बाळ शांत झोपलेले असताना ती रात्रभर त्याचे श्वास मोजत बसते. महिना उलटूनही हे थांबले नाही आणि रोजची कामे अडू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. नैराश्यासाठीची एडिंबरा प्रश्नावली पुरत नाही. तिच्या दहा प्रश्नांत अलार्मचे भास किंवा टाळाटाळ यांबद्दल एकही प्रश्न नाही.

तपासणी चुकण्याची किंमत बाळाच्या डोळ्यांना मोजावी लागते. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळाचा दृष्टिपटल (डोळ्याचा आतला पडदा) जन्मापासून चार आठवड्यांच्या आत तपासावा लागतो. २८ आठवड्यांआधीचे किंवा १२०० ग्रॅमखालचे असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. दृष्टिपटलाचा आजार आढळला आणि उपचारांची गरज असली, तर ते दोन-तीन दिवसांत व्हावे लागतात. उशीर झाला तर कायमचे अंधत्व येऊ शकते. तेव्हा आदल्या दिवशी फोन करा. बाळाला बाप किंवा आजी घेऊन आली तर 'आईला आणा' म्हणून परत पाठवू नका; तपासायचे आहेत ते बाळाचे डोळे.

भरतीच्या पहिल्याच दिवशी आईला अलार्म समजावून सांगावा. बाळाने पाय झाडला की पायाला लावलेला ऑक्सिजन मोजणारा प्रोब सैल होतो, म्हणून अलार्म बऱ्याचदा वाजतो. परिचारिका आधी बाळाचा रंग आणि छातीची हालचाल का पाहते, हेही सांगावे. कांगारू पद्धतीने बाळ छातीशी धरणे दिवसाला ८ ते २४ तास असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले. भेटीच्या तासाभरात ते कसे बसणार? घरी सोडण्याआधी एक रात्र आईला बाळाजवळ ठेवून पाहावे. मात्र तिला बळेच सगळी हकिगत सांगायला लावू नये, त्याने त्रास वाढू शकतो.

मनाच्या डॉक्टरांचे नाव काढले की 'ठाण्याला नेताय का?' हा तिथल्या मनोरुग्णालयावरून मारलेला टोमणा ठरलेला. ठाण्यात राहणाऱ्यांचीही त्यातून सुटका नाही. ज्यांना तो नको असेल त्यांनी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येते.

– एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)