जकूझीचं पाणी : बंगलेधारकांसाठी सूचना

सभासदहो, थंडीत वीकेंडला पाहुणे वाढलेत, म्हणून आठवण. गरम पाण्यात क्लोरीन भराभर उडतं. सकाळी टाकलं म्हणजे संध्याकाळी असेलच असं नाही. टबात उतरण्याआधी दर वेळी पाणी तपासायची पट्टी बुडवून बघा : क्लोरीन किमान ३ पीपीएम (दहा लाख भागांत ३ भाग), पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी याचं माप) ७ ते ७.८. पीएच वर गेला की क्लोरीन असूनही फारसं काम करत नाही, आणि बोअरचं पाणी भरलं असेल तर जेट (टबातले पाण्याचे फवारे) चालल्यावर तो चढतोच.

पाणी चकाकतंय म्हणून स्वच्छ समजू नका. काठाला आतून बोट लावा. बुळबुळीत लागलं तर टब रिकामा करून घासा, फिल्टरही धुवा. अंगावर लाल पुरळ उठतं ते बहुधा त्या बुळबुळीतल्याच जंतूंमुळे. पाहुण्यांना आधी अंघोळ करायला सांगा. अंगाला तेल लावून तर मुळीच नको!

क्लोरीनची पावडर टाकताना जेट चालू, झाकण उघडं, टबात कोणी नको.

— व्यवस्थापन समिती