आगबोट पळवणाऱ्या रॉबर्ट स्मॉल्सवर आपल्या पेपरात एकदा तरी छापा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी महिना, म्हणजे तिकडचा काळ्यांच्या इतिहासाचा महिना, आला की आपल्या पेपरात अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या इतिहासावर एखादा तरी लेख असतोच, आणि मी तो आवर्जून वाचतो. यंदाचाही वाचला. लेख चांगला होता, पण माणसं परत तीच, लिंकन, रोझा पार्क्स, मार्टिन ल्यूथर किंग आणि ओबामा. ही सगळी मोठी माणसं आहेत यात शंकाच नाही, पण दरवर्षी तेवढंच छापलं की वाचणाऱ्या पोराला वाटतं लिंकनने एक दिवस सही केली, गुलाम सुटले, मग शंभर वर्षं काही घडलंच नाही आणि एकदम किंगचं भाषण झालं. ही समजूत साफ चुकीची आहे आणि ती मोडायला एका माणसाची गोष्ट पुरेशी आहे, म्हणून हे पत्र, थोडं लांबतंय पण जमलं तर पूर्ण छापा.

माणसाचं नाव रॉबर्ट स्मॉल्स. जन्म ५ एप्रिल १८३९, साउथ कॅरोलिनातलं ब्यूफर्ट गाव, आई लिडिया ही मकी नावाच्या मालकाच्या घरी गुलाम, त्याच घराच्या मागच्या खोपटात हा जन्मला. बारा वर्षांचा झाल्यावर मालकाने त्याला चार्ल्सटन शहरात कामाला धाडलं, कमाई मालकाची आणि पोराच्या हातात आठवड्याला एक डॉलर. आधी हॉटेलात काम केलं, रस्त्यावरचे दिवे लावले, मग धक्क्यावर हमाली, मग शिडांचं काम आणि शेवटी बोटीचं सुकाणू. लग्न केलं हॅना नावाच्या बाईशी, तीही गुलामच, आणि बायको-पोरगी विकत घेऊन सोडवायची तर मालकाने भाव सांगितला ८०० डॉलर. याच्याजवळ जमले होते शंभर. स्वतःच्याच बायकोला आणि मुलीला विकत घ्यायचं, आणि तेही आठवड्याच्या एका डॉलरमधून! तोपर्यंत दुसऱ्या कुणी त्यांना विकलं तर हा काय करणार होता?

१८६१ ला यादवी युद्ध सुरू झालं, गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं एकीकडे आणि उत्तरेचं सरकार दुसरीकडे. प्लँटर नावाची, दोन्ही बाजूंना चाकं असलेली आगबोट होती, मुळात कापूस वाहायची, ती दक्षिणेच्या सैन्याने तोफा आणि दारूगोळा ने-आण करायला घेतली आणि स्मॉल्स तिच्यावर सुकाणी झाला. काम पायलटचं, म्हणजे बंदरातून बोट वाट काढत न्यायचं, पण तो हुद्दा काळ्या माणसाला द्यायचा नाही असा तिथला रिवाज.

मी स्वतः बंदरात टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, नोकरी केलेली आहे त्यामुळे पुढचं मला जरा जास्तच भिडतं. बोट कॅप्टनच्या नावावर असते पण पाणी कुठे उथळ आहे, रेती कुठे सरकलीय, कुठल्या चौकीसमोर कुठला इशारा द्यायचा हे सुकाण्याला पाठ असतं. आणि चार्ल्सटनच्या खाडीत तर पाणसुरुंग पेरायच्या कामातही स्मॉल्स होता, म्हणजे त्याला सगळं माहिती, आणि हे त्याला माहिती आहे याचं बोटीवरच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना काही वाटतच नव्हतं, कारण गुलाम माणूस डोकं चालवेल हेच त्यांच्या गावी नव्हतं.

१२ मे १८६२ च्या रात्री बोटीवर तोफा आणि दारूगोळा चढवून झाला आणि कॅप्टन व दोन्ही अधिकारी नियम मोडून किनाऱ्यावर आपापल्या घरी झोपायला गेले. पहाटे तीनच्या सुमाराला स्मॉल्सने बॉयलर पेटवायला सांगितलं. कॅप्टनचा कोट आणि त्याची रुंद काठाची गवती टोपी घातली, दक्षिणेचा आणि राज्याचा असे दोन्ही झेंडे नेहमीसारखे चढवले आणि बोट सरळ समुद्राकडे न नेता आधी दुसऱ्या धक्क्याला नेली, तिथे हॅना, मुलं आणि बाकीच्या खलाशांच्या घरची माणसं लपून बसली होती त्यांना घेतलं. सगळे मिळून पंधरा-सोळा जीव. आपसात ठरलेलं होतं, पकडले गेलो तर बोट बुडवायची आणि बुडाली नाही तर एकमेकांचे हात धरून पाण्यात उड्या टाकायच्या. लहान मुलं होती हो बोटीवर, आणि तरी हे ठरवलं.

वाटेत पाच ठाणी. प्रत्येक ठाण्यासमोर बरोबर इशारा द्यायचा, घाई करायची नाही, कारण घाई केली की संशय. शेवटचं सगळ्यात मोठं फोर्ट समटर, तिथे पोचेपर्यंत साडेचार वाजले, उजाडायला लागलेलं, आणि त्या उजेडात कातडीचा रंग दिसला असता तर सगळं संपलं होतं. स्मॉल्स टोपी कपाळावर ओढून, हाताची घडी घालून, कॅप्टन जसा उभा राहायचा तसाच उभा राहिला आणि भोंग्याची दोरी ओढली, दोन लांब एक आखूड. किल्ल्यावरून जायची परवानगी आली. तोफेच्या टप्प्याबाहेर गेल्यावर झेंडे उतरवले आणि हॅनाने सोबत आणलेली पांढरी चादर वर चढवली, कारण आता धोका समोरून होता, उत्तरेच्या आरमाराचं ऑनवर्ड जहाज तोफा रोखून तयार होतं आणि चादर दिसली म्हणूनच त्यांनी डागल्या नाहीत. तेव्हा स्मॉल्स २३ वर्षांचा होता.

आता तारीख बघा. मे १८६२. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा अंमलात आला १ जानेवारी १८६३ ला, म्हणजे त्याला अजून साडेसात महिने होते. ही माणसं कुणी सोडवेपर्यंत थांबली नाहीत. उलट त्यांनी बोट, तोफा, सांकेतिक खुणांची वही आणि सुरुंग कुठे आहेत याची माहिती नेऊन दिली आणि त्याचा उपयोग युद्धात लगेच झाला. त्याच ऑगस्टमध्ये स्मॉल्स एका धर्मगुरूबरोबर वॉशिंग्टनला गेला आणि ५००० पर्यंत काळे सैनिक भरती करायची युद्धमंत्र्याची लेखी परवानगी घेऊनच परतला. युद्ध संपेपर्यंत उत्तरेच्या फौजेत एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास काळे सैनिक लढले. बक्षीस म्हणून मात्र त्या तोफांसकट बोटीची किंमत जेमतेम ९००० डॉलर धरली आणि स्मॉल्सच्या वाट्याला आले १५०० डॉलर. हा अन्याय तिथल्या संसदेने अर्धामुर्धा भरून काढला तो १९०० साली.

एवढ्यावर गोष्ट संपवली तर तो एक थरारक किस्सा होतो, पेपरवाले एखाद्या वेळेस तेवढाच छापतातही. माझं म्हणणं आहे की खरी गोष्ट याच्यापुढे आहे आणि तीच आपल्याला कुणी सांगितली नाही.

युद्ध चालू असतानाच मकीचं घर करवसुलीसाठी लिलावात निघालं, ते स्मॉल्सने विकत घेतलं. ज्या घराच्या मागे जन्मला त्या घराचा मालक झाला, आईला तिथे आणलं, आणि पुढे मालकाची म्हातारी झालेली, भान हरपलेली बायको ते आपलंच घर समजून दारात आली तर तिला हाकललं नाही, राहू दिलं असं सांगतात. फिलाडेल्फियात १८६४ ला ट्रामच्या सीटवरून उठवलं तर तो उतरला आणि चालत गेला, युद्धात नाव कमावलेल्या माणसाचा हा अपमान खूप गाजला आणि तिथल्या ट्राममधला भेदभाव १८६७ च्या कायद्याने बंद झाला, बसमधली सीट सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्सच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधी.

तो लिहायला-वाचायला शिकला तो मोठेपणी, कारण गुलामाला अक्षर शिकवणं हा तिथे गुन्हा होता. आणि १८६८ साली साउथ कॅरोलिनाची नवी घटना लिहायला बसला तेव्हा या माणसाने मागणी कुठली केली तर सगळ्या मुलांना सरकारी, मोफत आणि सक्तीचं शिक्षण. मग आमदार झाला, राज्याच्या सिनेटवर गेला आणि १८७५ पासून वॉशिंग्टनच्या संसदेत मधे खंड पडत पडत पाच वेळा बसला.

इथे आपला धागा येतो. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाम मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहिती असतं. त्याच वर्षी तिकडे रॉबर्ट स्मॉल्स राज्याच्या सिनेटमध्ये बसून कायदे करत होता. इकडे जोतीराव सक्तीच्या शिक्षणासाठी झगडत होते, तिकडे तो. दोघांना एकमेकांची खबर असल्याचं मी म्हणत नाही, पण मराठी वाचकाला ही दोन नावं एका पानावर बघायला मिळायला हवीत.

पुढचं वाचताना जीव जळतो. १८७६ ला लाल शर्ट घातलेल्या गोऱ्या टोळ्यांनी बंदुका घेऊन निवडणूक लुटली. स्मॉल्सवर लाच घेतल्याचा खटला घातला, शिक्षा सुनावली, पुढे १८७९ ला गव्हर्नरने माफी दिली, आणि आरोप तर त्याने कधीच मान्य केला नाही. १८९५ ला परत घटना लिहायला घेतली, यावेळी मुद्दाम काळ्यांची मतं काढून घ्यायला. निम्म्याहून जास्त लोकसंख्या काळी असलेल्या राज्यात १६० प्रतिनिधींमध्ये काळे फक्त सहा! स्मॉल्स त्यात उभा राहून म्हणाला की माझ्या लोकांना वेगळ्या बचावाची गरज नाही, या देशातला त्यांचा इतिहासच सांगतो की ते कुणापेक्षा कमी नाहीत, त्यांना फक्त समान संधी द्या. ऐकलं कुणी नाही. साक्षरतेची नाहीतर मालमत्तेची अट आणि वर डोईपट्टी घालून मतं काढून घेतली. त्या घटनेवर त्याने सही केली नाही.

तो वारला फेब्रुवारी १९१५ मध्ये. तेव्हा बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, आणि त्याच विद्यापीठात प्रोफेसर डनिंग आणि त्यांचे चेले स्मॉल्सच्या काळाचा इतिहास असा लिहीत होते की काळ्यांच्या हाती सत्ता दिली आणि सगळा भ्रष्टाचार माजला. हाच इतिहास पुढे कितीतरी वर्षं अमेरिकेच्या शाळांतून शिकवला गेला. तो खोडून काढणारा जाडजूड ग्रंथ १९३५ साली ड्यू बॉईस या काळ्या विद्वानाने लिहिला, आणि याच ड्यू बॉईसला १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र पाठवलं होतं. म्हणून म्हणतो हा विषय आपल्याला परका नाही.

तर संपादक साहेब, माझी मागणी अशी आहे. पुढच्या फेब्रुवारीत किंगचा फोटो जरूर छापा, पण रविवारच्या पुरवणीचे चार आठवडे या एका किनाऱ्याला द्या. एक आठवडा स्मॉल्स. एक हॅरिएट टबमन, गुलामांना चोरवाटांनी पळवून नेणारी म्हणून प्रसिद्ध, पण मला हवी ती साउथ कॅरोलिनातल्या कोंबाही नदीवरची, जिने जून १८६३ मध्ये सैन्याच्या बोटी नेऊन एका रात्रीत सातशेच्या वर माणसं सोडवली. एक सूझी किंग टेलर, काळ्या पलटणीत शिपायांचे कपडे धुतले, जखमींची शुश्रूषा केली आणि त्यांना अक्षरही शिकवलं. आणि एक जोसेफ रेनी, चार्ल्सटनच्या तटबंदीवर सक्तीने राबवलेला न्हावी, जो तिथून निसटून बर्म्युडाला गेला आणि १८७० मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहातला पहिला काळा सदस्य झाला. या सगळ्या गोष्टी एकाच प्रदेशातल्या, एकाच काळातल्या, त्यामुळे नकाशाही एकच लागेल. नकाशा तेवढा मोठा आणि स्पष्ट छापा, चार्ल्सटनचं बंदर आणि ती पाच ठाणी दिसली पाहिजेत.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक
(निवृत्त बंदर कर्मचारी), उरण