फुकागावाच्या जत्रेतल्या कणीसवाल्या काकूंना

काकू,

तुम्हाला मराठी येत नाही आणि माझ्या जपानीत 'आरिगातो'च्या पुढे मनातलं काही बोलता येत नाही, तरी लिहितेय, कारण काल दुपारपासून आमच्या घरात दुसरा विषयच नाहीये. तोमिओका हाचिमानच्या देवळाजवळ कणसं आणि स्क्विड, म्हणजे माकुल, भाजायचा तुमचा स्टॉल. नऊवारीतली एक म्हातारी बाई आणि तिची मुलगी, आठवत असू बहुतेक, आमच्यामुळे तुमची लाइन बराच वेळ अडली होती.

आई साताऱ्याहून पहिल्यांदाच आलीय माझ्याकडे, टोकियोतल्या निशिकासाईला. तोझाई मेट्रोने तुमच्या देवळाचं स्टेशन, मोन्झेन-नाकाचो, अगदीच जवळ, आणि फुकागावाची मोठी जत्रा एरवी तीन वर्षांनी येते ती कोविडमुळे 2017 नंतर थेट यंदा 2023 ला आली, म्हणून मी तिला हट्टाने घेऊन आले. पन्नासावर मिकोशी, म्हणजे देवाच्या पालख्याच, खांद्यावर घेऊन लोक 'वाश्शोई, वाश्शोई' करत निघतात आणि रस्त्याच्या कडेचे लोक बादल्या भरभरून त्यांच्यावर पाणी ओततात. आई वारी केलेली बाई आहे. पालखी दिसली की तिला देव कुठला, देश कुठला हे विचारावं लागत नाही, पदर सावरून हात जोडून उभी राहिली.

पण खायचं काय? अधिक महिना चालू आहे, परवा एकादशी होती, आणि आई मुळात अंडंसुद्धा न खाणारी. जपानमधे 'मांस नको' म्हटलं तर लोकांना कळतं, पण वाळवलेल्या माशाचं पाणी, ते दाशी, ते कशाकशात असतं हे नवीन माणसाला कळतच नाही. उदोन नावाच्या जाड नूडल्सच्या रश्शात, ताकोयाकीच्या गोळ्यांच्या पिठात, ओकोनोमियाकीच्या धिरड्यात, आणि वरून पुन्हा कात्सुओबुशीचा, म्हणजे वाळवलेल्या कात्सुओ माशाचा भुगा. एका हॉटेलात आम्ही दोनदा विचारलं, दोनदा 'चालेल, चालेल' ऐकलं, अर्धा बाऊल संपल्यावर कळलं की रस्सा माशाचाच आहे, आणि तिथला मॅनेजर मलाच समजावतोय की पण तुकडा तर नाहीये ना त्यात. आईने बाऊल बाजूला सरकवला आणि रात्रभर पाण्यावर राहिली. एका ट्रिपवाल्यांनी पैसे घेताना 'शुद्ध शाकाहारी जेवण मिळेल' असं लेखी दिलं होतं, तिथे पोचल्यावर कोरा भात आणि केळं. आणि सगळ्यात जास्त लागलं ते आपल्याच एका ओळखीच्या मराठी माणसाचं बोलणं, 'काकूंना सांग की जरा अ‍ॅडजस्ट करायला, परदेशात आल्यात'. सत्तरीच्या बाईने आयुष्यभर पाळलेली गोष्ट तुमच्या सोयीसाठी का सोडायची हो?

तर काल आम्ही गोड गोड खात फिरलो. काकिगोरी, म्हणजे आपला बर्फाचा गोळाच पण वाटीत. मग आन्झू-आमे, बर्फाच्या लादीवर ठेवलेलं चिकट साखरेच्या पाकातलं आंबट जर्दाळू, ते आईला इतकं आवडलं की तिने काडी चाटून पुसून टाकली. रामुने नावाच्या इथल्या सोड्याची बाटली बघितल्यावर तर ती थांबलीच, 'अगं ही तर आपली गोटी सोडा!' आणि खरंच, दोन्ही बाटल्या कॉड नावाच्या एकाच इंग्रज माणसाच्या डोक्यातून निघालेल्या, 1870 च्या दशकात. गोटी आत ढकलायला तिला कोणी शिकवावं लागलं नाही. पण गोडावर गोड किती खाणार, तिला काहीतरी गरम आणि खारट हवं होतं, आणि तेवढ्यात तुमच्याकडच्या कणसांचा वास आला.

माझ्या फोनमधे जपानीत लिहून ठेवलेली चिठ्ठी आहे, आईला मांस, मासे, अंडी, दाशी यातलं काही चालत नाही, अशी. ती मी आल्यापासून सगळीकडे दाखवत आलेय आणि बहुतेक लोक तिच्यावर नजर टाकतात न टाकतात तोच मान हलवून मोकळे होतात. तुम्ही चिमटा खाली ठेवलात. हात पुसलेत. अ‍ॅप्रनच्या खिशातून चष्मा काढून घातलात आणि ती चिठ्ठी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलीत. मग कणसाला लावायच्या सॉसची बाटली फिरवून तिच्या मागचं बारीक छापलेलं लेबल बोट ठेवून वाचलंत, एका ठिकाणी बोट थांबलं, आणि आईकडे बघून दोन्ही हातांची फुली केलीत. कात्सुओ होता त्यात.

काकू, ती फुली मी आयुष्यात विसरणार नाही. इतके दिवस सगळे 'हो' म्हणत होते आणि त्या प्रत्येक 'हो'नंतर आईला काहीतरी सोडून द्यावं लागत होतं. तुम्ही पहिल्या, ज्यांनी खरं बघून 'नाही' सांगितलंत. माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं, आईने मलाच विचारलं की काय झालं, ओरडल्या का त्या.

आणि तुम्ही तिथे थांबला नाहीत. खालून साध्या शोयुची, म्हणजे सोया सॉसची, बाटली काढलीत, तिचंही लेबल वाचलंत, सोयाबीन, गहू, मीठ, एकेक शब्द मला बोटाने दाखवलात. जाळीच्या कोपऱ्यात फॉइल अंथरलंत, कारण शेजारी स्क्विड होता आणि हे आम्ही सांगितलंही नव्हतं. खोक्यातलं नवं कणीस, ब्रशऐवजी वेगळा चमचा. मागे लाइन वाढत होती, एक माणूससुद्धा चुळबुळला नाही, उलट मागच्या मुलीने आईच्या डोक्यावर छत्री धरली कारण पाणी उडत होतं. तयार झाल्यावर कणीस माझ्या हातात न देता दोन्ही हातांनी आईला दिलंत.

शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरची माणसं पाहिलीत मी, मेनूवर हिरवं पान छापून मोकळी होणारी. समोरच्याचं म्हणणं तुम्हाला पटायलाच हवं असं नाही, ते खरं धरून दोन मिनिटं द्यायची, बस. तुम्ही भर गर्दीत, त्या उकाड्यात, एका कणसासाठी ती दिलीत. पैसेही बोर्डावर लिहिले होते तेवढेच घेतलेत.

संध्याकाळी आम्ही परत येऊन राजगिऱ्याचे लाडू देऊन गेलो ते आईने तिच्या उपासासाठी आणलेले होते, राजगिरा आणि गूळ, दुसरं काही नाही त्यात. मी तेही चिठ्ठीवर जपानीत लिहून दिलंय, म्हणजे तुम्हालाही बघून खाता येतील.

पुढची मोठी जत्रा 2026 ला आहे. आईने गुडघ्याचं ऑपरेशन त्याआधी उरकून घ्यायचं नक्की केलंय, इतके दिवस नाही म्हणत होती.

तुमच्या,
निशिकासाईच्या मायलेकी